ओवाळलेला साक्षीदार

"बिरू कोळेकर तुमचा कोण?"

"भाऊ."

"चुकलं." देशमाने वकिलांनी चहाचा कप खाली ठेवला. "शालनबाई, पुन्हा. बिरू कोळेकर तुमचा कोण?"

"कोण न्हाई."

"अपघाताच्या आधीची ओळख?"

"न्हवती."

"आणि नंतरची?"

"दवाखान्यात आला हुता. तेवढीच."

"घरी येणं-जाणं आहे?"

"आता भाऊ म्हटल्यावर येणारच की—"

देशमान्यांनी कपाळाला हात लावला. कोर्टाच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर आम्ही बसलो होतो. माझा डावा पाय समोरच्या बाकड्यावर लांब ठेवलेला, गुडघ्याखाली लोखंडी रिंग आणि त्यातून हाडात गेलेल्या तारा. येणारेजाणारे आधी पाय बघायचे, मग मला. बिरू पलीकडे मान खाली घालून चहात खारी बुडवत होता.

"आता तू," वकील त्याच्याकडे वळले. "शालन परीट तुझी कोण?"

"कोण न्हाई, साहेब," बिरूनं एका दमात सांगितलं. "अपघात झाला तवा पयल्यांदा बघितलं. दवाखान्यात पोचवलं. फुडं काय संबंध न्हाई."

"बघा!" देशमाने माझ्यावर डाफरले. "शिका याच्याकडून. याला एकदा सांगितलं की बसलं."

बिरूनं खारी तशीच चहात सोडली. ती विरघळून तळाशी गेली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

मी परटीण. नवरा गेल्यापासून इस्त्रीची टपरी मीच चालवते, आणि घरात मी आणि सासू, आम्ही दोघीच. सासूला मी आत्याबाई म्हणते. कोळशाची जड इस्त्री दिवसभर फिरवायची तर सगळा भार पायांवर येतो. लोकांना वाटतं हे हाताचं काम. संध्याकाळी माझे हात कधी दुखले नाहीत, पोटऱ्या मात्र दगडासारख्या व्हायच्या. तरी कुरकुर नव्हती. दोघींचं भागत होतं आणि कुणापुढं हात पसरायची वेळ आली नव्हती.

त्या दुपारी सोसायटीतल्या कपड्यांचं गाठोडं पोचवून मी परत निघाले होते. गल्लीतून घरोघर पार्सलं वाटणारी बंद टपाची गाडी उलटी, मागं मागं येत होती. चालवणाऱ्याचं लक्ष मोबाइलमध्ये, पत्ता शोधत होता. मी ओरडले, पण काचा वर होत्या. मागं विजेचा खांब होता. गाडी आली आणि माझा पाय तिच्यात आणि खांबात सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आहे. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगणार नाही.

चालवणारा म्हणजे हाच बिरू. जतकडचा, पंचविशीचा, अंगानं काडी. पळाला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. दारं बंद होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पण तो पळाला नाही. गाडीतली पार्सलं त्यानं धडाधड रस्त्यावर फेकली, जागा केली, मला उचलून आत घातलं आणि दवाखान्यात आणलं. रक्त लागतंय म्हटल्यावर पहिला तोच पुढं झाला. मग आत्याबाईंचे पाय धरून असा रडला, की त्या माझं सोडून त्यालाच पाणी पाजत बसल्या.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. "कसं झालं, बाई?" बिरू दारात उभा होता. तोंडचं पाणी पळालेलं, पण मला गप्प राहा म्हणून त्यानं खूणसुद्धा केली नाही. ती केली असती, तर कदाचित मी खरं सांगितलं असतं.

"पाय सटकून खांबावर आपटले," मी म्हणाले.

हवालदारानं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि तसंच लिहून घेतलं. तुम्ही म्हणाल, काय हा शहाणपणा! पण आमच्याकडं उचलून आणणाऱ्याच्या मागं पोलीस लावत नाहीत. तसं केलं तर पुढच्या वेळी रस्त्यात पडलेल्याला कोण हात लावील? हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, पण असंच चालतं. शिवाय तेव्हा वाटत होतं, हाडच मोडलंय, जुळेल. सरकारी योजनेत ऑपरेशन झालं, रॉड घातला, घरी आले.

मग दिवाळी आली. मला भाऊ नाही. लहानपणापासून भाऊबीजेला मी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळत आले, आणि दर वर्षी शेजारणी "अगं, तुझा भाऊ ढगात गेला" म्हणून चेष्टा करायच्या. त्या संध्याकाळी बिरू आला. "मला बहीण न्हाई, ताई," एवढंच म्हणाला आणि चौकटीशी उभा राहिला. आत्याबाईंनी पाट मांडला. मी खाटेवर पाय लांब करून बसल्या बसल्याच त्याला ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं ताटात काय ठेवावं? कुबडीच्या टोकाला लावायचे रबरी बूट! "फरशीवर कुबडी सरकती तुमची, मी बघितलंय," म्हणाला. मी इतकी हसले, की पायातून कळ आली. नवरा गेल्यानंतर आमच्या घरात तसं हसू झालं नव्हतं.

हसू तेवढंच. हाड जुळलं नाही. पायात पू झाला, ताप येऊ लागला. रॉड काढून रिंग बसवली. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरून सांगितलं, "आणखी एक मोठं ऑपरेशन लागेल. ते योजनेत बसत नाही. केलं तर पाय वाचेल. फार लांबवलं तर गुडघ्याखाली कापावा लागेल." त्यांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं, पण कापायच्या गोष्टीला चांगले शब्द कुठून आणणार?

तेव्हा गल्लीतल्या कुणीतरी देशमान्यांचं नाव सुचवलं. त्यांनी वाटा समजावल्या. पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो. मोटार अपघाताच्या भरपाईसाठी वेगळं न्यायाधिकरण असतं, तिथं ड्रायव्हर, गाडीमालक आणि विमा कंपनी अशा तिघांवर दावा लावता येतो. कंपनी तयार असेल तर लोकअदालतीत तडजोडही होते.

"पैसे कोण देणार? बिरू?" मी विचारलं.

"अहो, नाही. गाडीचा विमा आहे. कंपनी देईल. तो कशाला देतोय?"

मग मी तोंड वासून बसले. हे त्या दवाखान्यात कुणी सांगितलं असतं तर!

"अडचण ही आहे, की तुम्ही पोलिसांना स्वतःच सांगितलंत, घसरून पडले म्हणून," देशमाने म्हणाले. "कंपनी तडजोड कशाला करेल? पाहणारं कुणी नाही. आता अपघात झाला हे सांगणारा जगात एकच माणूस आहे, ज्यानं केला तो."

मी बिरूला बोलवायच्या आधीच तो आला. आत्याबाईंनी फोन केला होता. "मी जातो पोलिसात," म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, विचार कर. नोकरी जाईल." तर म्हणाला, "ताई, पाय तुमचा जातोय आन् इचार मी करू?" तो गेला. गुन्हा कबूल केला, दंड भरला. गाडीमालकानं त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. आपण होऊन गळ्यात फास घालून घेणारा ड्रायव्हर मला नको, म्हणाला. तेव्हापासून बिरू मार्केट यार्डात पोती उचलत होता.

दावा दाखल झाला. पायाची अवस्था बघून कोर्टानं तारखाही जवळजवळच्या दिल्या. सगळं मार्गी लागतंय असं वाटत होतं, आणि एक दिवस विमा कंपनीचा माणूस आमच्या गल्लीत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मी दवाखान्यात होते. आत्याबाईंना वाटलं, बिरूला नवी नोकरी द्यायला चौकशी चाललीय. त्यांनी त्याला आल्याचा चहा पाजला आणि वर सांगितलं, "अहो, भाऊच हाय त्यो हिचा! सख्खा काय करील असं करतंय पोरगं. भाऊबीजेला हिनं ओवाळलं की त्याला, माझ्या डोळ्यादेखत." शेजारणींनीही भर घातली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळ्या त्याचं कौतुकच करत होत्या.

कंपनीनं कोर्टात म्हणणं दिलं: बाई घसरून पडली, तसं तिनं स्वतः पोलिसांना सांगितलंय. नंतर भरपाई उकळायला भावानं तो चालवत असलेली गाडी पुढं केली. बहीण-भावाचा बनाव आहे.

"खरं सांगितलं तर?" मी देशमान्यांना विचारलं होतं. "अपघातानंतर झाला भाऊ. त्यात काय चोरी हाय?"

"न्यायाधीशांना पटेल?" त्यांनी मलाच विचारलं. "ज्यानं पाय मोडला त्याला कुणी भाऊ करतं? शालनबाई, हे कादंबरीत चालतं. म्हातारीला काही कळत नाही म्हणायचं आणि नातं साफ नाकारायचं. पाय वाचवायचाय ना?"

पाय वाचवायचा होता.

आम्ही टपरीवर असतानाच आत पुकारा झाला. साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, म्हणून बिरूला बाहेर व्हरांड्यात बसवलं. मी कुबड्या टेकत पिंजऱ्यात गेले. उभं राहवेना म्हणून न्यायाधीश साहेबांनी खुर्ची द्यायला सांगितली. शपथ झाली. देशमान्यांनी अपघाताचं विचारलं, ते मी सरळ सांगितलं. मग कंपनीच्या वकील निंबाळकर मॅडम उठल्या. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा मऊ होता.

"शालनताई, पाय फार दुखतो का?"

"दुखतो."

"पोलिसांना घसरून पडले असं का सांगितलंत?"

"भ्याले हुते. पोराची नोकरी जाईल वाटलं."

"अनोळखी पोराची एवढी काळजी?"

"त्यानं उचलून आणलं हुतं."

"बरं. बिरू कोळेकर तुमचे कोण?"

मला वाटलं होतं, जीभ अडखळेल. अडखळली नाही. "कोण न्हाई," मी म्हणाले.

"भाऊबीजेला तुमच्या घरी आले होते?"

"दिवाळीत वळखीची मानसं येत्यात."

"तुम्ही त्यांना ओवाळलंत?"

"न्हाई."

"तुमच्या सासूबाई तर म्हणतात—"

"म्हातारं मानूस हाय. ती दूधवाल्यालाबी भाऊ म्हनती."

कोर्टात दोघंतिघं हसले. देशमान्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला तेव्हा लाज वाटली नाही, हे सांगून टाकते. समोर डॉक्टरांनी उजेडात धरलेली ती फिल्म दिसत होती. पाय जाणार असेल तर माणूस काय काय म्हणेल, हे दोन्ही पाय असणाऱ्यांनी मला शिकवू नये.

माझं झालं. मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि बिरूला आत बोलावलं. धुतलेला शर्ट, मी इस्त्री करून दिलेला. यार्डातल्या पोत्यांनी एक खांदा खाली आलेला. त्यानं अपघात असा सांगितला, की साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. मोबाइल बघत होतो, मागं बघितलं नाही, चूक माझी. काही लपवलं नाही, स्वतःला वाचवायचा शब्द नाही. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, जिंकलो.

निंबाळकर मॅडम उठल्या.

"कोळेकर, गेल्या भाऊबीजेला तुम्ही कुठे होता?"

टपरीवर हा प्रश्न झाला नव्हता. बिरूनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी पायाकडं बघत राहिले.

"तिकडं बघू नका. मला सांगा."

"ताईकडं."

"कोण ताई?"

त्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला. देशमाने खोकले.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "जे खरं असेल ते सांगा."

"ह्या ताई, साहेब. शालनताई."

"तुमचं नातं काय?" मॅडमनी विचारलं.

"बहीण हाय."

"त्यांनी ओवाळलं तुम्हाला?"

"व्हय. पाय लांब करून, खाटंवर बसून ओवाळलं. बहीण हाय माझी, साहेब. न्हाई कसं म्हनू?"

देशमान्यांनी पेन टेबलावर टाकलं. निंबाळकर मॅडम "दॅट्स ऑल" म्हणून बसल्या. त्यांना आणखी काही विचारायची गरजच नव्हती.

साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. "बाई, पुढं या. हे साक्षीदार म्हणतात तुम्ही त्यांना ओवाळलंत. तुम्ही शपथेवर नाही म्हणालात. दोघांतलं खरं कोण?"

मी शिकलेली नाही, पण तेवढं मला त्या क्षणी लख्ख कळलं. बिरूला खोटा म्हटलं तर त्यानं सांगितलेला अपघातही खोटा, आणि दुसरा साक्षीदार नाही. बिरूला खरा म्हटलं तर मी खोटी, आणि दावा माझ्या नावानं. कुठूनही गेलं तरी पाय जात होता. देशमाने डोळ्यांनी मला खुणावत होते, म्हणत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. बिरू पिंजऱ्यात उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी आत काय बोलले हे त्याला आत्ता, साहेबांच्या तोंडून कळत होतं.

"त्यो खरं बोलतोय, साहेब," मी म्हणाले. "भाऊ हाय माझा. मी खोटं बोलले. पर गाडी त्याचीच हुती. पाय त्या गाडीनंच मोडलाय."

"लिहून घ्या," साहेब म्हणाले. एवढंच. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला कळलं की संपलं.

निकाल पुढं लागला. देशमान्यांनी मला त्यांच्या ऑफिसात वाचून दाखवला. साहेबांनी लिहिलं होतं, की अपघातानंतर जखमी बाईनं ड्रायव्हरला भाऊ मानलं, यात गैर काही नाही, तेवढ्यावरून बनाव ठरत नाही. पण अर्जदार बाईनं आधी पोलिसांना वेगळं सांगितलं, मग कोर्टात शपथेवर खोटं सांगितलं. तिचं कोणतं बोलणं खरं मानायचं? दावा नामंजूर. देशमान्यांनी ती ओळ वाचली आणि पान उलटलं. "अपील करता येईल," म्हणाले. माझ्याकडं मात्र बघितलं नाही. गैर काही नाही, असं साहेबांनीच लिहिलेलं. पहिल्यांदाच सरळ सांगितलं असतं तर बहुतेक पटलंही असतं. मी देशमान्यांना शिव्या दिल्या, मनातल्या मनात नव्हे, तोंडावर. आत्याबाईंना मात्र एका शब्दानं बोलले नाही. अपिलाची वाट बघायला पायाला जमलं नाही. पावसाळ्याच्या तोंडी तो गुडघ्याखाली कापला. आता मी स्टुलावर बसून इस्त्री करते. होतं काम, पण निम्मं.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते साक्षीच्या त्या दुपारचं.

कोर्टातून बाहेर आलो. देशमाने तरातरा पुढं निघून गेले. पायऱ्या उतरताना बिरूनं माझी एक कुबडी धरली आणि दुसरा हात काखेत घातला. खालच्या पायरीवर मी टेकले, तो समोर उकिडवा बसला. लोक आमच्या अंगावरून ये-जा करत होते.

"ताई, तुमी आत न्हाई म्हनाला?"

"म्हनाले."

"ओवाळलं न्हाई म्हनाला?"

"म्हनाले, बिरू. किती वेळा इचारशील?"

मला वाटलं, आता हा उठून जाईल. त्यानं नोकरी घालवली होती माझ्यासाठी. गेला असता तर मी हाक मारली नसती, कुठल्या तोंडानं मारणार? तो गेला नाही. हाताच्या पंजानं त्यानं तोंड पुसलं आणि मग हमसून रडायलाच लागला, दवाखान्यात रडला होता त्याहून जास्त. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर तो म्हणाला,

"मला ठावं असतं तर मीबी न्हाईच म्हटलं असतं, ताई. सगळं पाठ केलं हुतं मी. यार्डात पोती उचलताना घोकत हुतो. पर आत उभा राहिलो आन् वाटलं, ताईच्या तोंडातून ‘न्हाई’ आलं नसंल. ती व्हयच म्हनाली असंल. आता मी न्हाई म्हटलं, तर ताई खोटी पडंल. म्हनून व्हय म्हटलं."